घरी पिलाटेसचं मशीन घ्यायचंय? आधी ते ओढ कशानं देतं ते बघा

मागच्या महिन्यात भुसावळहून माझ्या मावसबहिणीचे व्हॉट्सअ‍ॅपवर चार स्क्रीनशॉट आले, चारही "पिलाटेस मशीन"चे, म्हणजे पिलाटेस नावाच्या व्यायामप्रकाराच्या साधनांचे, आणि खाली एवढंच की ताई यातलं कोणतं घेऊ, तुझ्याकडे आहे ना. एक साडेआठशे रुपयांचं, एक अठरा हजारांचं, एक चाळीस-बेचाळीस हजारांचं आणि एक दीड लाखाच्या पुढचं. नाव मात्र चारही बॉक्सवर तेच. मी व्हॉइस मेसेज सुरू केला आणि तो अकरा मिनिटांचा झाला तरी माझं सांगून संपेना, म्हणून म्हटलं आता सगळं एकदा नीट लिहूनच काढते, कारण हाच प्रश्न मला धुळ्याच्या नणंदेनं विचारलाय, आमच्या शाळेतल्या दोन मॅडमनी विचारलाय, आणि चार वर्षांपूर्वी मी स्वतः विचारत फिरत होते तेव्हा मला कोणी धड सांगितलं नव्हतं.

मी जळगावला असते, शाळेत शिकवते. डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. दिवसभर फळ्यापाशी उभं राहून आणि रात्री वह्या तपासताना वाकून माझी कंबर गेली होती, तेव्हा फिजिओ मॅडमनी चटईवरचे दहा-बारा व्यायाम शिकवले, ते पिलाटेसचे होते. सहा-सात महिने केले, फरक पडला, मग मशीनवरचे व्हिडिओ बघितले आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आजवर दोन मशीनं वापरली, पहिलं चुकीचं घेतलं, दुसऱ्यावर आजही रोज सकाळी असते.

आधी नावाचा गोंधळ काढून टाकू. पिलाटेस हे मशीनचं नाव नाही, माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस, 1883 साली जर्मनीत जन्मला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला धरून ठेवलं, आधी एका छावणीत मग आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावरच्या मोठ्या छावणीत. तिथे त्यानं सोबतच्या लोकांकडून व्यायाम करून घेतले, आणि असं सांगतात की जे आजारी होते, उठू शकत नव्हते, त्यांच्या खाटांना त्यानं स्प्रिंगा अडकवल्या म्हणजे पडल्या पडल्या हातपाय ओढता येतील. ही गोष्ट किती खरी किती वाढवलेली ते सोडा, पण मशीन बघितलं की पटते. 1926 च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, तिथे त्यानं आणि त्याची जोडीदार क्लारानं स्टुडिओ चालवला, आपल्या पद्धतीला तो कंट्रोलॉजी म्हणायचा, म्हणजे शरीरावर ताबा ठेवायची विद्या. 1967 ला तो गेला आणि नंतर लोकांनी त्याचंच आडनाव व्यायामाला लावलं.

आता खरेदीच्या दृष्टीनं कामाची गोष्ट ऐका. अमेरिकेत या नावाच्या ट्रेडमार्कवरून मोठी केस झाली आणि 2000 साली तिथल्या कोर्टानं सांगितलं की पिलाटेस हे योगा-कराटेसारखं व्यायामप्रकाराचं नाव आहे, ते कोणा एकाच्या मालकीचं नाही. त्यामुळे बॉक्सवर ते नाव छापलंय म्हणजे आतल्या वस्तूला कोणी पास केलंय असं काही नसतं. काठीला दोन रबर बांधले तरी पिलाटेस, अडीच माणसं झोपतील एवढा लाकडी सांगाडा तोही पिलाटेस. बहिणीचे चार स्क्रीनशॉट म्हणूनच एका नावाचे होते.

त्यातलं जे मोठं असतं, ज्याला मशीन म्हणावं, त्याला रिफॉर्मर म्हणतात. माझं दुसरं मशीन घरी आलं तेव्हा शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "हाई बाज शे का वं माय?" आणि खरंच त्यांनी एका शब्दात बरोबर सांगितलं. बाजेसारखीच चौकट असते, साधारण आठ फूट लांब आणि दोन-सव्वादोन फूट रुंद, फक्त सुंभाच्या जागी मध्ये एक गादी लावलेली फळी असते आणि ती चाकांवर पुढेमागे सरकते. कपाटाचा ड्रॉवर आडवा करून त्यावर माणूस झोपवला तर कसं, तसं. या सरकत्या फळीला कॅरेज म्हणतात. एका टोकाला पाय लावायला दांडी असते तो फूटबार, दुसऱ्या टोकाला कप्प्या म्हणजे पुली, त्यातून आलेल्या दोन दोऱ्या हातात किंवा पायात अडकवायच्या, आणि खांदे टेकायला दोन ठोकळे. फळीखाली स्प्रिंगा, चार नाहीतर पाच. त्या पायाकडच्या आडव्या पट्टीला अडकवायच्या. किती अडकवल्या त्यावर तुम्हाला किती जोर लागणार ते ठरतं. बस, एवढंच मशीन. मोटर नाही, वायर नाही, लाईट गेली तरी चालतं, आपल्याकडे ही पण मोठी गोष्ट आहे.

आता मुद्द्यावर येते. बाजारात जी काय मशीनं दिसतात त्यांचा रंग, स्क्रीन, कप होल्डर, सोबत फुकट मिळणारं अ‍ॅप हे सगळं बाजूला ठेवा आणि एकच विचारा, की मी ढकललं तर मला उलट कोण ढकलतंय. त्याला तीनच उत्तरं असतात. स्प्रिंग, रबर, नाहीतर तुमचं स्वतःचं वजन.

स्प्रिंग आधी घेऊ. आपल्याकडे जाळीच्या दाराला स्प्रिंग लावतात ना डास येऊ नये म्हणून, ते दार उघडताना बघा, सुरुवातीला सहज येतं आणि जसजसं उघडत जाल तसतसं जड होत जातं, आणि हात सोडला की धाडकन बंद. शाळेत हूकचा नियम होता तो हाच, जेवढं ताणाल तेवढी ओढ वाढते, दुप्पट ताणलं तर दुप्पट. रिफॉर्मरवर पाय लांब करत जाताना अगदी हेच होतं. पण खरा व्यायाम जातानाचा नाही, परत येतानाचा. दार धाडकन आपटू न देता हळूहळू बंद करायचं तसं ती फळी आवाज न करता जागेवर आणायची, तेव्हा पोट, मांड्या, पाठ सगळं कामाला लागतं. माझ्या फिजिओ मॅडम म्हणायच्या की फळी थांब्यावर आपटल्याचा आवाज आला तर तेवढी ती एक वेळ मोजायचीच नाही. म्हणून मी रोज आवाज ऐकत व्यायाम करते.

दुसरं रबर. स्वस्त आणि मधल्या भावाच्या बऱ्याचशा मशीनमध्ये स्प्रिंगऐवजी जाड इलास्टिकच्या दोऱ्या असतात, त्यांना कॉर्ड म्हणतात. हलकं असतं, आवाज कमी, चौकट पण हलकी लागते म्हणून भाव कमी. वाईट आहे असं मी म्हणणार नाही, बाहेरच्या देशात एअरोपिलाटेस वगैरे नावाची मशीनं कॉर्डवरच चालतात आणि लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण रबराचा स्वभाव वेगळा. रबर जेवढ्या जोरानं ताणलं तेवढ्या जोरानं ते परत येत नाही, थोडी ताकद आतल्या आत उष्णता होऊन जिरते, त्यामुळे परत येतानाची ती ओढ, जी मी वर सांगितली, ती थोडी मऊ लागते. आणि रबर थकतं. नवं असताना जो ताण असतो तो हळूहळू ढिला पडतो, तुम्हाला वाटतं आपली ताकद वाढली, पण काही वेळा दोरी सैल झालेली असते.

आणि इथे खान्देशचा प्रश्न येतो जो कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही. रबराला तीन गोष्टी मारतात, ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, वरच्या मजल्याची खोली असेल तर स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आपण कॅरियरला सामान बांधतो, ती एक उन्हाळा बाहेर राहिली की ताणल्यावर तिच्यावर बारीक बारीक भेगा दिसतात, बघितल्या असतील सगळ्यांनी. माझ्या पहिल्या मशीनच्या कॉर्डचं तेच झालं. वरच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीशेजारी उभं करून ठेवायचे, पहिला उन्हाळा निघाला, दुसऱ्या मेमध्ये एका सकाळी झोपून दोन्ही पाय दोरीत होते, आणि एक कॉर्ड मधून तुटली. पाय एकदम खाली आला, कमरेला झटका बसला, चार दिवस शाळेत खुर्चीवर बसून शिकवलं. नंतर कापड काढून बघितलं तर वरचं विणलेलं आवरण छान नव्यासारखं आणि आतलं रबर पूर्ण तडकलेलं, म्हणजे बाहेरून काहीच कळत नव्हतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला तर म्हणाले तो पार्ट आता येत नाही. अठरा महिन्यांत अख्खं मशीन भंगार, कारण एक दोरी मिळेना.

म्हणून कॉर्डचं घ्यायचं असेल तर घ्या, पण तीन गोष्टी कराच. पैसे देण्याआधी सुटी कॉर्ड विकत मिळते का आणि केवढ्याला ते विचारा, जमलं तर एक जोडी सोबतच मागवा. मशीन खालच्या थंड खोलीत ठेवा, खिडकीपासून लांब. आणि महिन्यातून एकदा कॉर्ड हातानं ताणून बोटं फिरवत जा, कुठे खडबडीत, कुठे पातळ लागतं का ते बोटांना कळतं, डोळ्यांना नाही कळत.

तिसरा प्रकार स्वतःच्या वजनाचा. टोटल जिम नावाचं मशीन जुन्या टेलिशॉपिंगच्या जाहिरातीत बघितलं असेल, उतरती फळी असते, घसरगुंडीसारखी, आणि तिच्यावर सरकणारा पाट. तुम्ही स्वतःला चढावर ढकलता. जोर कमीजास्त करायला फळीचा कोन बदलायचा. हिशोब सोपा आहे, दहावीच्या मुलाला पण येईल. 60 किलोच्या बाईनं फळी 10 अंशांवर ठेवून पायानं ढकललं तर साधारण 10 किलोचा भार येतो, 20 अंशांवर 20 किलोच्या आसपास, 30 अंशांवर बरोबर निम्मा म्हणजे 30 किलो. यात तुटायला स्प्रिंग नाही, थकायला रबर नाही, उन्हाळ्याचा काही संबंध नाही, हे मला फार आवडतं. पण ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच राहते, स्प्रिंगसारखी वाढत जात नाही, आणि अगदी हलका भार हवा असला तर फळी इतकी सपाट करावी लागते की मजा राहत नाही. मांड्या, खांदे, हात बळकट करायला चांगलं. पिलाटेसचे जे नाजूक तोल सांभाळायचे व्यायाम असतात त्यातले बरेच यावर तसे होत नाहीत.

का होत नाहीत ते कळायला रिफॉर्मरमधली एक उलटी गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ही कळली की मशीनच कळलं असं मी म्हणेन. सगळ्यांना वाटतं स्प्रिंगा जास्त म्हणजे अवघड, कमी म्हणजे सोपं. पाठीवर झोपून पायानं ढकलताना ते खरं आहे. पण आता गुडघ्यांवर फळीवर बसा, हात फूटबारवर ठेवा आणि गुडघ्यांनी फळी मागे ढकला. चार स्प्रिंगा असतील तर फळी तुम्हाला धरून ठेवते, जाऊच देत नाही, तुम्ही आरामात. एकच हलकी ठेवली तर फळी पायाखालून पळायला बघते, आणि तिला थांबवायला पोटाशिवाय दुसरं कोणी नाही. म्हणजे स्प्रिंग इथे ओझं नाही, आधार आहे, आणि आधार काढला की अवघड होतं. मी पहिल्यांदा शहाणपणा करून "सोपं जावं" म्हणून स्प्रिंगा कमी केल्या आणि तोंडावर पडता पडता राहिले. नवीन माणसानं हे व्हिडिओ बघून नाही, कोणीतरी समोर उभं असताना शिकावं असं मला कळकळीनं वाटतं.

यातूनच खरेदीचा एक प्रश्न निघतो, की स्प्रिंगा किती वेगवेगळ्या जोराच्या आहेत. चारही सारख्याच जड असतील तर तुमच्याकडे चारच पायऱ्या. एक हलकी, एक मध्यम, बाकीच्या जड असं मिश्रण असेल तर बऱ्याच पायऱ्या मिळतात, आणि दुखणं असलेल्या माणसाला त्या मधल्या पायऱ्याच लागतात. रंगावरून ओळख असते, बॅलन्स्ड बॉडी ही कॅलिफोर्नियाची मोठी कंपनी पिवळी अगदी हलकी, निळी हलकी, लाल मध्यम, हिरवी जड असं ठेवते, पण सगळ्या कंपन्यांचा रंगांचा नियम एक नाही. त्यामुळे व्हिडिओतली बाई म्हणाली "एक लाल एक निळी" तर आपल्या मशीनच्या पुस्तकात लाल म्हणजे काय ते आधी बघायचं.

आता जागा. दहा बाय दहाची खोली असेल तर आठ फुटी रिफॉर्मर मावतो, पण फक्त तोच मावतो. फळीच्या दोन्ही बाजूंनी हात पसरतात, टोकाला पाय बाहेर येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी दीड-दोन फूट आणि टोकांनाही थोडं तरी मोकळं पाहिजे. उंच माणसांनी एक बघायचं, फळी सरकायला जागा किती आहे. सहा फुटांच्या माणसाचे पाय सरळ होण्याआधीच फळी टोकाला टेकली तर त्याचा अर्धा व्यायाम गेला. आमचे हे उंच आहेत, पहिल्या मशीनवर त्यांचे गुडघे कधी सरळच झाले नाहीत.

आणि खोलीच्या आधी जिना मोजा. हे कोणी सांगत नाही हो, पण जळगावच्या जुन्या भागातली घरं, चिंचोळा जिना, मध्येच काटकोनात वळण. न मोडणारी आठ फुटी चौकट त्या वळणावर फिरत नाही. माझं दुसरं मशीन नाशिकच्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून सेकंडहँड घेतलं, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, सत्तर किलोच्या आसपास वजन, टेम्पोतून आलं आणि चार जणांनी अर्धा तास जिन्यात उभं आडवं करून बघितलं, शेवटी गच्चीवरून दोर लावून वर घेतलं. दीर खालून ओरडत होते, भाचा गच्चीवर दोर धरून, आणि मी नुसती देवाचं नाव घेत उभी.

घडी होणारं म्हणजे फोल्डिंग घेतलं तर हा त्रास वाचतो. अर्ध्यात दुमडतं, चाकं असतात, पलंगाखाली किंवा दाराआड जातं. फक्त एक परीक्षा करा. फळीची चाकं ज्यावर धावतात त्या रुळाला जिथे दुमडतं तिथे सांधा असतो. मशीन उघडून त्या सांध्यावरून नखानं हळूच ओढत जा. नख अडकलं तर तिथे चाक पण अडकणार, प्रत्येक वेळी फळी जाताना टक् असा आवाज आणि कमरेत बारीकसा झटका, दिवसाला दोनशे वेळा. नख सरळ गेलं तर घ्यायला हरकत नाही. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याला सांगा, सांध्याचा जवळून व्हिडिओ पाठवा, फळी त्यावरून जातानाचा आवाजासकट. ज्याचा माल चांगला तो पाठवतो.

बाकीची साधनं पटकन सांगते. चेअर नावाचं एक असतं, खुर्चीएवढा ठोकळा आणि पुढे स्प्रिंगवालं पायडल. जागा कमी लागते म्हणून मोह होतो, पण नवशिक्याला ते रिफॉर्मरपेक्षा कठीण आहे, कारण झोपून आधार घेता येत नाही, सगळं तोलावर. कॅडिलॅक म्हणजे चार खांबांची उंच पलंगासारखी चौकट, ती घरासाठी नाहीच, दवाखान्यात किंवा मोठ्या स्टुडिओत शोभते. टॉवर म्हणजे भिंतीला ठोकायची स्प्रिंगांची चौकट, पक्क्या विटांची भिंत असेल तर छान, पण गावाकडं धाब्याचं मातीच्या भिंतीचं घर असेल तर अजिबात नको, ओढीनं खुंटीच बाहेर येईल आणि डोक्यावर येईल. साडेआठशेचं जे होतं ते काठी आणि रबरी पट्ट्या, ते मशीन नाही पण वाईटही नाही, प्रवासात न्यायला बरं, फक्त पट्टी दाराला किंवा पायाला अडकवताना तोंडासमोर ताणायची नाही.

रिंग मात्र घ्याच असं मी प्रत्येकीला सांगते. दोन हातांत किंवा दोन गुडघ्यांत धरून दाबायचं लवचिक कडं, पिलाटेसनं पहिलं कडं पिंपाच्या लोखंडी पट्टीपासून केलं असं सांगतात. हजाराच्या आतबाहेर मिळतं. चटई आणि हे कडं यावर वर्षभर काढता येतं. माझं मत स्पष्ट आहे, ज्यानं सहा महिने चटईवर सलग केलं नाही त्यानं मोठं मशीन घेऊ नये, कारण मशीन माणसाला उठवत नाही, माणसालाच उठावं लागतं. आमच्याकडे किती घरांत ट्रेडमिलवर धुतलेले कपडे वाळत असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

कंबरदुखीवाल्यांसाठी एक खरी गोष्ट, कारण जाहिराती यात फार बढाया मारतात. 2015 साली कॉक्रेन म्हणून जी संस्था सगळे अभ्यास गोळा करून तपासते तिनं कंबरदुखी आणि पिलाटेसवर अहवाल काढला, 10 अभ्यास, मिळून 510 माणसं. त्यातून निघालं ते असं की काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटेसनं दुखणं कमी व्हायला मदत होते, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा पक्का पुरावा नाही. म्हणजे तुम्ही रोज योगासनं करून बरे आहात तर उगाच लाख रुपये घालायची गरज नाही. मला हे आवडलं कारण मला यात रमायला होतं आणि जे आवडतं ते मी रोज करते, माझ्यासाठी त्याचा फायदा तिथे आहे.

आणि काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बायका, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या, त्यांनी पाठीचा कणा पुढे गोल वाकवायचे, गोल लोळायचे प्रकार टाळायचे, मणक्याला इजा होऊ शकते, आणि पिलाटेसमध्ये तेच प्रकार भरपूर आहेत. गरोदरपणात, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, पायात मुंग्या येत असतील, मणक्याची गादी सरकलीय असं सांगितलं असेल, तर आधी तपासणी. माझ्या सासूबाईंना मी फक्त पाठीवर झोपून पायानं ढकलायचं करायला देते, दोन स्प्रिंगांवर, आणि चढताना उतरताना हात धरते.

चढणं-उतरणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ, हे ठळक अक्षरात वाचा. एकही स्प्रिंग न लावलेली फळी म्हणजे लहानपणची बेअरिंगची गाडी, पाय ठेवला की सटकली. म्हणून वापर झाला तरी एक-दोन स्प्रिंगा लावूनच ठेवायच्या. पायात दोरी असताना झटकन सोडायची नाही, आधी फळी जागेवर आणायची मग एकेक पाय काढायचा. घरात लहान मुलं असतील तर फळीच्या फटीत बोटं जातात, खोलीला कडी लावा.

देखभाल फार नाही. आपल्याकडे धूळ खूप, एप्रिल-मेच्या वावटळीत खिडकी उघडी राहिली की रुळांवर थर बसतो आणि चाकं खरखर करायला लागतात. कोरड्या मऊ कपड्यानं आठवड्यातून एकदा रूळ पुसायचे, शिलाई मशीनचं तेल वगैरे टाकायचं नाही, तेलावर धूळ बसून लगदा होतो. पावसाळ्यात स्प्रिंगांना गंज धरतोय का बघायचं. स्प्रिंग मोकळी पडलेली असताना तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, कुठे दोन वेढ्यांत फट दिसली किंवा वाकलेलं दिसलं की ती थकली, बदलायची. रोज वापरात असतील तर साधारण दोन वर्षांनी बदला असं चांगल्या कंपन्या सांगतात, माझ्या मशीनच्या पाचातल्या दोन मी घेतल्या घेतल्याच बदलल्या, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तो खर्च आधीच भावात धरायचा. गादीचं रेक्झिन फाटलं तर गावातला सोफेवाला करून देतो, बसायची लाकडी पेटी आमच्या सुतारानं सागाची करून दिली, पण स्प्रिंग, दोरी, चाकं ही कंपनीचीच पाहिजेत, तिथे जुगाड नको. माझ्या ओळखीत एकानं स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानातून आणून लावली, हुक सरळ झाला आणि ती सुटून भिंतीवर आदळली, मधे कोणी नव्हतं म्हणून बरं.

उन्हाळ्यात मी साडेपाचला सुरू करते, सहा वाजून दहाला संपवते, त्यानंतर त्या खोलीत बसवत नाही.

तर बहिणीला मी काय सांगितलं. दोन नंबरचं अठरा हजारांचं, ज्याची कॉर्ड सुटी मिळत नाही असं विकणाऱ्यानं स्वतःच कबूल केलं, ते पहिलं बाद. साडेआठशेचं घे म्हटलं, चटईवर वापर. उरले दोन, फोल्डिंग स्प्रिंगवालं आणि मोठं. तिला म्हटलं आज संध्याकाळी जिना मोज, वळणापाशी आडवा आणि उभा. तिनं रात्री फोटो पाठवला, भाऊजी टेप धरून वाकलेले, कठड्यापासून भिंतीपर्यंत सहा फूट दोन इंच. दीड लाखाचं तिथेच संपलं. आता फोल्डिंगवाल्याकडून सांध्याचा व्हिडिओ यायचाय, आवाजासकट, आणि तोवर तिला मी सांगितलंय की रोज वीस मिनिटं चटईवर कर आणि रोजची तारीख मला पाठव. आज सतरावा दिवस आहे.